माळ्यावरचे फिडल

अंबाजोगाईचा आजोळचा वाडा २०१९ साली पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून दोन वस्तू माझ्याकडे आल्या. एक मोडी कागदांचे दप्तर. ते मी मागूनच घेतले. दुसरी काळी लांबट पेटी. ती कोणालाच नको होती म्हणून माझ्या रिक्षात ठेवली गेली. पेटीत थोरल्या मामांचे व्हायोलिन होते. आजी त्याला शेवटपर्यंत 'फिडल'च म्हणायची. तारा तुटलेल्या, बोचे केस कसरीने खाल्लेले, पाठीचा सांधा एका बाजूने उकललेला. पेटीच्या कप्प्यात राळेचा फुटका तुकडा आणि एक वही.

मोडी मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकले, तीही घरी बसून, छापील मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून. तेव्हापासून जुनी वस्तू हाती आली की आधी तिच्यावर काय लिहिले आहे ते पाहायची सवय लागली. व्हायोलिनच्या पोटावर इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन फटी असतात. त्यातल्या एकीतून बॅटरी मारली तर आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. मजकूर लॅटिन: 'अँटोनियस स्ट्राडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फासिएबात आन्नो १७२१'. म्हणजे क्रेमोनाच्या अँटोनियस स्ट्राडिव्हेरियसने १७२१ साली केले. भाच्याने मोबाइलवर किंमत शोधली आणि घरात दोन दिवस कोणाला धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी फट पुसून पुन्हा पाहिले. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: 'मेड इन जर्मनी'.

स्ट्राडिव्हारी इटलीतल्या क्रेमोनाचा, १७३७ साली वारला. त्याच्या वाद्यावर 'मेड इन जर्मनी' कशाला असेल? उलगडा कायद्यात आहे. ब्रिटनने १८८७ साली 'मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट' केला आणि परदेशी मालावर तो कुठे बनला हे लिहिणे भाग पडले. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन नावाचे गाव आहे. त्या गावात आणि आसपास घरोघर व्हायोलिनचे सुटे भाग बनत. कोणी मान कोरी, कोणी पाट तासी, आणि व्यापारी ते जुळवून जगभर पाठवत. ही वाद्ये लाखांनी निघाली. कोणत्या नमुन्यावरून बनवले हे कळावे म्हणून आत जुन्या कारागिरांच्या नावाची छापील चिठ्ठी लावण्याची रीत होती. तेव्हा आमचे फिडल १८८७ नंतरचे, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल यायचा बंद झाला त्याच्या आधीचे. त्याची किंमत दुरुस्तीच्या खर्चाएवढीही नाही. भाचा अजून माझ्यावर थोडा नाराज आहे.

वही मात्र मोलाची निघाली. पहिल्या पानावर 'मुक्काम हैदराबाद' आणि नोव्हेंबर १९४६ ची तारीख. मामा तेव्हा वीस वर्षांचे, उस्मानिया विद्यापीठात शिकत होते. अंबाजोगाईचे सरकारी नाव त्या वेळी मोमिनाबाद होते आणि आमचा सारा मुलूख निजामाचा. शिकायचे, नोकरी शोधायची, वाद्य घ्यायचे, सगळ्यासाठी रस्ता परळीहून रेल्वेने विकाराबादमार्गे हैदराबादकडे जाई; पुणे-मुंबई फार लांब. मराठवाड्यातल्या संगीताचा इतिहास लिहिताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपण नकळत पुण्याची फूटपट्टी लावतो आणि मग इथे काहीच नव्हते असा निष्कर्ष काढतो. दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी याच अंबाजोगाईत आपल्या पदांना रागांची नावे घातली, हे विसरून.

वहीत तेवीस पाठ आहेत. मंद्र सप्तकाच्या स्वरांना टिंब खाली दिले आहे. पलुसकर पद्धतीत मंद्राचे टिंब स्वराच्या डोक्यावर येते, भातखंडे पद्धतीत पायाशी. तेव्हा मामांना शिकवणारा भातखंडे पद्धतीतला होता, एवढे त्या टिंबांवरून कळते. प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा आहे, आणि मोकळ्या तारेवर शून्य. त्या शून्यांवरून तारा कशा लावल्या होत्या तेही निघते. पाश्चात्त्य वादक चार तारा जी, डी, ए, ई अशा लावतात. इथे मोकळ्या तारांवर प, सा, प, सा आहेत. म्हणजे गोऱ्यांच्या बँडमधले फिडल नव्हे, आपली गायकी वाजवायला लावलेले व्हायोलिन. शेवटची तारीख मे १९४७ ची आहे. त्यानंतरच्या धामधुमीत मामा शिक्षण सोडून गावी आले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, मग शेती, मग लग्न. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्यांना विचारावे एवढी अक्कल मला आली तेव्हा ते नव्हते.

मी शिकायचे ठरवले तेव्हा बावन्न वर्षांची होते. एका मोठ्या शहरातल्या वर्गात चौकशी केली. पलीकडच्या बाईंनी वय विचारले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, व्हायोलिन पाच-सहाव्या वर्षी सुरू करावं लागतं. नात असेल तर पाठवा." नात नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिले, आणि ते खरे की खोटे हे तपासायला मी माझ्या नेहमीच्या वाटेने गेले, म्हणजे जुन्या नोंदींकडे.

भारतीय संगीतात व्हायोलिन रुजले ते दक्षिणेत. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी (जन्म १७८६) मद्रासमध्ये एका युरोपीय वादकाकडून ते शिकले. घरात वडिलांपासून संगीत असल्याने त्यांचा कान आधीच तयार होता. दुसरे नाव वडिवेलू यांचे, तंजावरच्या चार भावांपैकी धाकटे. हे चौघे भाऊ दुसरे सरफोजी राजे भोसले यांच्या दरबारात वाढले. म्हणजे या कथेत आपण मराठी माणसेही येतो, आणि मानाने येतो. सरफोजींच्या पदरी युरोपीय वाद्यांचा बँड होता, त्यांनी जमवलेले पाश्चात्त्य संगीताचे कागद सरस्वती महालात आहेत, आणि दरबाराचे दप्तर मोडीत. वडिवेलूंना पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. वडिवेलू हे मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे व्हायोलिन शिकले, असे काही ठिकाणी लिहिलेले सापडते. श्वार्ट्झ सरफोजींचे पालक होते हे खरे, पण ते १७९८ साली वारले. वडिवेलूंचा जन्म १८१० चा. बारा वर्षे आधी गेलेला गुरू कसा शिकवणार? एकाने लिहिले आणि पुढच्यांनी उतरवून घेतले, एवढाच याचा अर्थ.

मुद्दा असा की या पहिल्या पिढीपुढे लहानपणापासून धरायला कोणी व्हायोलिनवाला बाप नव्हता. आधी गाणे किंवा वीणा, मग हे परके वाद्य. त्यांनी ते मांडी घालून बसलेल्या माणसाच्या अंगाला बसवले. व्हायोलिनचे डोके पायाच्या घोट्यावर टेकले, दुसरे टोक छातीला लावले, आणि डावा हात मोकळा झाला. युरोपात वाद्य हनुवटीखाली दाबून उभ्याने वाजवतात. त्यात मान आणि खांदा लहानपणापासून वळवावा लागतो. आपल्या बैठकीत वाद्याचा भार पायावर जातो, म्हणून बोट तारेवरून लांब घसरू शकते आणि मींड निघते. माझा डावा खांदा तीन वर्षांपूर्वी आखडला होता, त्यामुळे या शोधाचे मोल मला जरा जास्तच कळते.

गोव्याची वाट वेगळी. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या गावशाळांत पोरांना सोलफेजो आणि व्हायोलिन शिकवत. तिथे वय लहानच. त्या शाळांच्या परंपरेतून मुंबईच्या सिनेमाला वादकांची फौज मिळाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते नाव अजरामर झाले. बाई म्हणाल्या तो नियम याच वाटेवरचा, नोटेशन वाचून वाद्यवृंदात बसणाऱ्यांचा. तो चुकीचा नाही, पण सगळ्या व्हायोलिनचा नाही.

उत्तरेच्या पद्धतीत आपल्याकडे ज्यांनी हे वाद्य उभे केले त्यांत गजाननराव जोशी (१९११–१९८७) आधी आठवतात. वडील अंतूबुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य; घरात ग्वाल्हेरची गायकी. व्हायोलिनचे घराणेच तेव्हा नव्हते, तेव्हा गळ्यात होते तेच बुवांनी तारेवर उतरवले. व्ही. जी. जोग लखनौला रातंजनकरांकडे शिकले, तेही गायकच. प्रभाकर जोगांनी तर बाराव्या वर्षापासून पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर वाजवले, पुढे सुधीर फडक्यांच्या साथीला बसले, आणि त्यांच्या व्हायोलिनला लोक 'गाणारे' म्हणू लागले. ही सारी मंडळी लहान वयात लागली हे मान्यच. पण त्यांचे पहिले शिक्षण बोटाचे नव्हते, कानाचे होते.

या वाद्याला जागा मिळाली त्यात सरकारचाही हातभार असावा असे मला वाटते. ऑल इंडिया रेडिओने मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्या पट्ट्यांवर श्रुती आणि मींड निघत नाहीत. सारंगी कोठ्याशी जोडली गेल्यामुळे पांढरपेशा घरांत नकोशी झालेली. मग गळ्याच्या मागे जाणारे आणि प्रतिष्ठितांच्या घरात चालणारे वाद्य कोणते उरले? मामांनी हैदराबादेत हेच का निवडले याचे उत्तर इथे असू शकेल. रेडिओ ऐकत नसतील असे नाही.

आणि पाचव्या वर्षाचा आग्रह जगभर नेला कोणी? जपानच्या शिनिची सुझुकींनी. लहान मुलांना आईच्या भाषेसारखे व्हायोलिन शिकवायची त्यांची पद्धत गाजली. वडिलांचा नागोयाला व्हायोलिनचा कारखाना, पण पोरगा वाद्याकडे वळला सतराव्या वर्षी, मिशा एलमनची ध्वनिमुद्रिका ऐकून, आणि सुरुवातीला तबकडीवरून स्वतःच शिकला. बाईंना फोन करून हे सांगावेसे वाटले होते. केला नाही, कारण सतरा म्हणजे बावन्न नव्हे, आणि बालुस्वामी म्हणजे मी नव्हे. या साऱ्या दाखल्यांतून एवढेच सिद्ध होते की उशिरा हात घालणारे होते आणि त्यांचा कान आधी तयार होता. माझा कान परभणी आकाशवाणीवर वाढलेला, गळा आरतीपुरता.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचे हे पट्टीवर कुठेच लिहिलेले नाही. केसभर पुढे गेले की स्वर दुसरा. मोठ्या माणसाची अडचण अशी की स्वर चुकला हे त्याला लगेच कळते आणि लाज वाटते. पोर चुकते आणि वाजवत राहते. बीडमध्ये मला शिकवणारे गुरुजी पंचाहत्तरीचे आहेत, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्याकडे आता व्हायोलिनला मी एकटीच आहे. बाकीची मुले कीबोर्ड शिकतात. पहिल्या महिन्यात त्यांनी मला बोट टेकवूच दिले नाही. नुसता गज मोकळ्या तारेवर, एका श्वासाला एक. नंतर म्हणाले, "ताई, बोटानं सूर धुंडू नका. आधी गा, मग बोट आपोआप जाईल." मी म्हणाले, गाता येत नाही. "मग वाजवता कशाला यावं?" अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला पन्नाशीच्या माणसालाही बसता येते, म्हणून प्रारंभिकचा अर्ज मी भरला. परीक्षेच्या दिवशी माझ्यापुढे नऊ वर्षांची मुलगी होती. तिची आई मला परीक्षक समजली.

वाद्य दुरुस्तीला मिरजेला दिले होते. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने सांधा पाहून सांगितले की हे सरसाने जोडलेले आहे, उष्ण कोरड्या हवेत सरस सुटतो. सुटतो तेच बरे, नाहीतर लाकूड चिरले असते. सत्तर उन्हाळे माळ्यावर, पत्र्याखाली काढून पाट शाबूत होता. चिठ्ठी काढू का म्हणाला, कारण खोटी आहे. राहू दे म्हटले.

गेल्या श्रावणात वहीतला तेविसावा पाठ झाला, दुर्गा रागाची सरगम. पुढच्या पानावर 'पाठ २४' एवढाच आकडा आहे आणि खाली रेघा आखून ठेवल्या आहेत. गुरुजींनी वही उलटसुलट चाळली. बिलावल झाला आहे, भूप झाला आहे, दुर्गा झाला. अजून एकही कोमल स्वर आलेला नाही. म्हणाले, आता काफी असणार. त्याच पानावर त्यांनी पेन्सिलीने काफीचा आरोह लिहून दिला, ग आणि नी खाली आडव्या रेघा, मामांच्याच पद्धतीने. कोमल गंधार अजून लागत नाही. बोट रिषभाकडे घसरते.