घरातल्या गेलेल्या बाळांचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्या कोल्हापुरात पन्हाळा, ताराराणी, शाहू महाराज आठवतात. आज मी बोलणार आहे तो इतिहास कुठल्याच दप्तरात नाही. तो आजीच्या तोंडी असतो. ‘माझ्या बहिणीची दोन पोरं वर्षाच्या आत गेली, बाळसंच धरलं नाही.’ कुणी दृष्ट म्हणायचं, कुणी सटवाईचा लेख.

यातल्या काही मृत्यूंचं कारण जन्मजात असू शकतं. १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये ग्लान्झमन आणि रिनिकर यांनी अशा बाळांचं वर्णन केलं. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फारच कमी होत्या, त्यामुळे साधा संसर्गही जीवघेणा ठरे. या आजाराला आज ‘स्किड’ म्हणतात.

१९६८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गुड यांनी पाच महिन्यांच्या मुलाला बहिणीचा अस्थिमज्जा दिला आणि तो बरा झाला. १९७१ साली ह्यूस्टनला जन्मलेल्या डेव्हिड व्हेटरला तर जन्मताच निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवलं. डॉक्टर सज्ज होते, कारण त्याचा थोरला भाऊ याच आजारानं गेला होता. डेव्हिड बारा वर्षं जगला.

आता आपल्याकडे या. स्किडचा एक प्रकार आईकडून मुलग्यांत उतरतो, म्हणून आजोळचे गेलेले मुलगे विचारावे लागतात. दुसऱ्या प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. मामाची मुलगी करायची आपली रीत इथं धोका वाढवते.

आणि आपल्याकडे जन्मताच बीसीजी टोचतात. ती लस चांगलीच आहे, पण तिच्यात दुबळे केलेले जिवंत जंतू असतात. स्किडच्या बाळात ते अंगभर पसरू शकतात. म्हणून घरात असे मृत्यू झाले असतील तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं. साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइटची संख्या कळते. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत मज्जा मिळालेली ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर जिवंत होती.

न्यायदर्शन स्मृतीला प्रमाण मानत नाही. इथं मात्र वैद्याचं अनुमान स्मृतीपासूनच सुरू होतं. आणि नेमकी तीच आपण दाबतो. घरात सून गरोदर असताना गेलेल्या बाळांचं नाव काढणं आपण अशुभ मानतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याच वेळी आजीला विचारा, ती सांगेल ते लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.