मिशनकार्यातील सहकार्य : खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या व त्यांचे सहकारी

भिन्न देशांत, भिन्न भाषांत आणि भिन्न आचारांत वाढलेल्या ख्रिस्ती माणसांनी धर्मप्रसार, शिक्षण, रुग्णसेवा व मंडळ्यांची जोपासना ही कामे एकत्र चालविण्यासाठी परस्परांशी केलेला व्यवहार म्हणजे मिशनकार्यातील सहकार्य होय. या व्यवहारात द्रव्य, विद्या व मनुष्यबळ यांची देवाणघेवाण जशी होते, तशीच निर्णयाच्या अधिकाराचीही व्हावी लागते. आणि सहकार्य खरे की नाममात्र, हे बहुधा या दुसऱ्या देवाणघेवाणीवरूनच ओळखता येते. खानदेशाचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे, कारण परदेशी मिशनरी आणि मराठी ख्रिस्ती या दोन पक्षांखेरीज भिल्ल, मावची, पावरा, कोकणा अशा डोंगरी समाजांचा तिसरा पक्ष येथे आरंभापासूनच होता, आणि विचारविनिमयाच्या बैठकीत त्यालाच सर्वांत उशिरा जागा मिळाली.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली. मिशनांनीही आपापसांत क्षेत्रे वाटून घेतली होती. एकाच गावात दोन मिशनांचे उपदेशक परस्परविरोधी शिकवण देऊ लागले म्हणजे ऐकणाऱ्याचा बुद्धिभेद होतो, या अनुभवातून ही वाटणी आली. तिच्या अन्वये वऱ्हाड व त्याला लागून असलेले भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव हे पूर्वेकडील टापू ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनकडे, आणि नंदुरबार-नवापूरकडील डोंगरी मुलूख मुख्यतः स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन व तिच्याशी नाते असलेल्या स्वीडिश मंडळींकडे आला. अलायन्सची स्थापना न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सन यांनी केली व १८९७ साली तिच्या दोन मूळ संस्थांचे एकीकरण झाले. दुसरे मिशन फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० साली शिकागोत स्थापन केले आणि १९४९ पासून ते इव्हँजेलिकल अलायन्स मिशन या नावाने चालू लागले. वाटणीमुळे मिशनांमधील तंटे टळले हे खरे. परंतु ज्यांच्या मुलखाची ही वाटणी झाली, त्यांची संमती कोणी विचारली नव्हती, आणि पुढे एका मंडळीतील कुटुंब पोटापाण्यासाठी दुसऱ्या क्षेत्रात गेले म्हणजे त्याने कोणत्या पाळकाकडे जावे, असा पेच या वाटणीतूनच उत्पन्न होई.

पूर्वेकडील कार्याचा पाया १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत घातला गेला. मिशनच्या अनाथालयांत व बोर्डिंगांत शेकडो मुले आली. त्यांना अन्न, अक्षर व एखादा हुन्नर मिळाला, आणि पुढील पिढीचे शिक्षक, उपदेशक व बायबलबाया त्यांतूनच निघाल्या. हे उपकार थोर होते. तथापि ज्याने ताटात अन्न वाढले त्याच्याशी बरोबरीने वाद घालणे माणसाला जड जाते, आणि मिशनचा बंगला व उपदेशकाची खोली यांमधील अंतर पुढे दोन पिढ्या टिकले, त्याचे एक मूळ या दुष्काळी आरंभातच आहे. याच मिशनच्या जेनी फुलर यांचा हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवरील इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. मिशनरी बाईने लिहावे आणि विषयाची खरी अधिकारी असलेल्या हिंदी स्त्रीने त्याची ग्वाही द्यावी, हा त्या काळी दुर्मिळ असा योग होता.

पश्चिमेकडील प्रश्न निराळा होता. नवापूर, अक्कलकुवा, तळोदे येथील पाड्यांतील भाषा पुस्तकी मराठी नव्हे, आणि जळगाव-धुळ्याकडची अहिराणीही नव्हे. ग्रियर्सनच्या सरकारी भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या १९०७ साली निघालेल्या तिसऱ्या भागात भिल्ली बोली व खानदेशी यांची एकत्र नोंद आहे, आणि बोलींचे नमुने म्हणून उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे त्यात छापली आहेत. म्हणजे प्रशासनालाही या मुलखाची भाषा टिपून घेण्यासाठी शुभवर्तमानातील एक कथा हाताशी घ्यावीशी वाटली. प्रत्यक्ष कार्यात मात्र परदेशी मिशनरी प्रथम मराठी शिकत, त्यांच्यासोबत देशावरील मराठी उपदेशक असे, आणि पाड्यावरचा मावची माणूस त्या दोघांचेही बोलणे अर्धवट समजून घेई. मराठी उपदेशक कातडीने एतद्देशीय असला तरी त्या पाड्यावर तोही पाहुणाच होता. त्याची अन्न-पाण्याची शिस्त, त्याचा पोशाख आणि डोंगरी माणसाविषयी गावकुसातून सोबत आणलेले त्याचे ग्रह मिशनरी साहेबाच्या टोपीइतकेच परके होते. मिशनच्या इतिहासात या दुसऱ्या अंतराची चर्चा क्वचितच झाली आहे. ते अंतर ओलांडले ते मुख्यतः मावची उपदेशकांनी व शिक्षकांनी. आपल्या समाजातील पंच, नातेवाईक व सोयरिकीचे जाळे त्यांना अंगवळणी असल्यामुळे कोणाशी आधी बोलावे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही, आणि नवापूरकडील मंडळ्या वाढल्या त्या याच नात्यागोत्याच्या वाटेने.

जळगावचे नाव या विषयात आणखी एका कारणाने येते. १९०७ साली तेथे भरलेल्या कविसंमेलनात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक उपस्थित होते, आणि धरणगावात १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी तेथेच मिळाली. पुढे ठोंबरे नगरास टिळकांच्या घरी राहिले. सनातनी ब्राह्मण घरातला हा मुलगा ख्रिस्ती कुटुंबात घरच्यासारखा वावरला, त्याने धर्म बदलला नाही, तो बदलावा अशी अटही कोणी घातली नाही, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तो जिव्हाळ्याच्या माणसांत वावरताना दिसतो. खानदेशाशी जडलेल्या सर्व संबंधांत हा संबंध मला सर्वाधिक निरोगी वाटतो, कारण त्यात हिशेब कोणताच नव्हता.

टिळकांचे अधिक व्यापक ऋण उपासनेच्या संगीतात आहे. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली होती. टिळकांनी अभंग, ओवी व पदे यांच्या चालीत शेकडो गीते रचली, आणि ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती मराठी मंडळ्यांत सर्वत्र, अर्थात खानदेशातही, गायिली जातात. इंग्रजी चालींवर बसविलेली ओढाताणीची भाषांतरे ज्या मंडळीला कधी आपलीशी वाटली नव्हती, ती टाळ-मृदंगाच्या साथीने तल्लीन झाली. येथे देणारा पक्ष मराठी होता आणि घेणारा मिशन. तरीही मिशनच्या पगारी चौकटीत टिळकांचा जीव रमला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांनी ते वारले. मिशनांनी या राजीनाम्याचा अर्थ वेळीच नीट लावला असता, तर पुढील तीस वर्षांतील पुष्कळ कटुता टळली असती.

मंडळीच्या स्वावलंबनाचे तत्त्व नवे नव्हते. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण करावा व आपला प्रसार आपण करावा, हे त्रिसूत्र मिशनसंस्थांचे चिटणीस हेन्री व्हेन व रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच मांडले होते, आणि अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात मराठी मिशनचे काम स्वतः पाहून गेले होते. १९१० च्या एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेत हिंदी पाळक व्ही. एस. अझरय्या यांनी परदेशी मिशनऱ्यांकडे पैशाहून व त्यागाहून अधिक अशी मैत्रीची मागणी केली, तेव्हा सभागृहातील अनेकांना ती झोंबली. अडचण पगारपत्रकात होती. उपदेशकाची नेमणूक, बदली व बडतर्फी मिशनच्या हाती, वार्षिक सभेचे कामकाज इंग्रजीत, आणि हिशेबाच्या वह्या बंगल्यावरील दफ्तरात. अशा स्थितीत उपदेशकाने साहेबाला मित्र म्हणावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी होती.

स्वातंत्र्यानंतर दोन संस्थांनी हे पारडे बऱ्याच अंशी बदलले. यवतमाळ येथील फ्री मेथडिस्ट मिशनच्या बायबल-शाळेतून १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. १९८३ साली ती पुण्यास आली, आणि अनेक मिशनांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसू लागल्यामुळे पाळकांची ओळख एका मिशनपुरती राहिली नाही. दुसरी संस्था म्हणजे १९७० साली स्थापन झालेली इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन. परदेशी मिशनांना जी रुग्णालये पुढे चालविणे शक्य नव्हते, ती भारतीय व्यवस्थापनाखाली एकत्र आणणे हा तिचा उद्देश होता, आणि नवापूर तालुक्यात सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथे १९४२ साली डॉ. क्लॉके यांनी सुरू केलेले रुग्णालय तिच्यात समाविष्ट झाले. अशा रुग्णालयात येणारा तरुण डॉक्टर पुष्कळदा दक्षिणेकडचा वा ईशान्येकडचा असतो. त्याच्यासमोर सिकलसेलने बेजार झालेले मूल घेऊन आई बसते, सोबत आजी व दोन काका असतात. डॉक्टर मोडक्या मराठीत विचारतो, वॉर्डातील मावशी ते मावचीत सांगते, आजीच्या लांबलचक उत्तरातले नेमके काय सांगायचे ते मावशीच ठरविते, आणि भगताकडे किती दिवस गेले हा प्रश्न ती अशा बेताने विचारते की कोणाला ओशाळे वाटू नये. त्या खोलीत निदानाइतकेच महत्त्व मावशीच्या या बेताला आहे, आणि पगाराच्या उतरंडीत मात्र तिचे स्थान बरेच खाली असते.

मिळकतींचा प्रश्न याहून बिकट ठरला. परदेशी मिशने निघून जाताना जमिनी, बंगले, शाळा व वसतिगृहे भारतीय विश्वस्तांकडे आली. कारभाराची सवय लावून न देता मालमत्ता हवाली केली गेली, तेथे मंडळ्यांमध्ये विश्वस्तपदावरून तट पडले आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली प्रकरणे धर्मादाय आयुक्तांपुढे गेली. सहकार्यावर बाहेरूनही आक्षेप आले. परदेशी पैसा व शाळा-रुग्णालयांतील सेवा यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असे मत मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ साली मांडले. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशात असल्याने त्याचे पडसाद पूर्व खानदेशच्या सीमेपर्यंत उमटले. परदेशी देणग्यांवर १९७६ साली कायदा झाला, २०१० साली त्याच्या जागी नवा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने नोंदणीकृत संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीला साहाय्य पोहोचविण्याची जुनी वहिवाट त्यामुळे बंद झाली.

या बदलाची झळ शाळा व आरोग्यकेंद्रे यांना अधिक लागते. पाळकाच्या वेतनापुरते पाहिले तर खेड्यातील मंडळ्यांचा मुख्य आधार वर्गणी, दशांश आणि कापणीचा सण हा आहे: त्या दिवशी भात, तूर, भोपळे, कोंबड्या उपासनेत अर्पण होतात, उपासना संपल्यावर आवारातच त्यांचा लिलाव होतो, एकच भोपळा दोन-तीनदा विकत घेऊन पुन्हा अर्पण केला जातो, आणि आलेली रक्कम खजिनदार सर्वांसमक्ष मोजून वहीत मांडतो.