खोलीतून खिशात आला, पण टेबलाचं काय?

मंडळी, मोबाईलच डेस्कटॉप म्हणून वापरता येईल का, ही चर्चा सध्या बरीच ऐकू येते. आज आपण या प्रश्नामागचा इतिहास बघू, आणि तोही आपल्या उपनगरांतून.

पवईची आयआयटी सुरू झाली १९५८ साली, युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीनं. साठच्या दशकात तिथं सोव्हिएत बनावटीचा ‘मिन्स्क’ संगणक आला. एका यंत्राला अख्खी खोली. माणसानं यंत्राकडे जायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभं राहिलं आणि पुढे संगणक हा उपनगरातल्या नोकरीचा विषय झाला. पण यंत्र कंपनीचं. संध्याकाळी माणूस लोकलनं मुलुंडला, बोरिवलीला, यंत्र तिथंच.

नंतर पीसी घरात आला, पण ज्यांच्या घरात टेबल मावत होतं त्यांच्याच. दहा बाय दहाच्या खोलीत जिथं रात्री अंथरूण पसरायचं, तिथं मॉनिटर ठेवणार कुठे?

हा प्रश्न सोडवायचा एक सरकारी प्रयत्न पवईतूनच झाला. ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट २०११ मध्ये आला, तेव्हा त्याच्या संथपणावर आणि बॅटरीवर खूप टीका झाली. मग काम आयआयटी मुंबईकडे आलं, प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली. ११ नोव्हेंबर २०१२ ला ‘आकाश २’ चं उद्घाटन झालं. सात इंचांचा पडदा, ५१२ एमबी रॅम. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की पवईच्या गटानं त्यावर सी, पायथन, सायलॅब चालवायची सोय केली. म्हणजे मुलांनी नुसतं बघायचं नाही, प्रोग्राम लिहायचा. योजना पुढे मागे पडली, विचार मात्र टिकला.

तोच विचार कंपन्यांनी दुसऱ्या टोकानं पकडला. २०११ मध्ये मोटोरोलानं ‘एट्रिक्स’ फोनसाठी लॅपटॉपच्या आकाराची चौकट काढली: आत पडदा, कीबोर्ड, बॅटरी, मेंदू फोनचाच. २०१७ ला सॅमसंगचं ‘डेक्स’ आलं. आधी त्याला वेगळा डॉक लागायचा. २०१८ च्या नोट ९ पासून साध्या अडॅप्टरवर भागायला लागलं. फोन टीव्हीला जोडा, खिडक्या उघडा, कामाला लागा.

मग अडलंय कुठे? बघा, स्वस्त फोनचं टाइप-सी भोक दिसतं तसंच, पण बहुतेकांत त्यातून चित्र बाहेर पडत नाही. ती सोय मुख्यतः महाग फोनमध्ये. म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्यालाच ती मिळते, आणि ज्याला खरी गरज आहे तो अंगठ्यानंच टाइप करतो.

याची किंमत लहान नाही. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो, आणि तो कीबोर्डवर. २०२० च्या टाळेबंदीत एका फोनवर तीन भावंडांनी तास ऐकले. ऐकता आलं, पण निबंध, तक्ता, अर्ज लिहिणं अवघडच गेलं.

तेव्हा मंडळी, यंत्र लहान झालं का, हा प्रश्न केव्हाच सुटला. खिशातल्या यंत्राची ताकद ‘मिन्स्क’ला स्वप्नातही परवडली नसती. उरलेला प्रश्न टेबलाचा आहे. घरात टीव्ही आहे, ब्लूटूथ कीबोर्ड काही शे रुपयांना मिळतो. मधली ती एक वायर स्वस्त फोनला चालायला लागली, की घाटकोपरच्या चाळीतल्या पोरीला लिहायला जागा मिळेल. फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी तेवढं विचारायची सवय आपण लावून घेऊ.