मॉर्मन युवा मिशनऱ्यांचा परदेशातील दिनक्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धर्मप्रसाराच्या इतिहासलेखनात संस्थापक, धर्मग्रंथ, धर्मांतरितांची संख्या आणि राजसत्तेशी झालेला संघर्ष यांना सामान्यतः प्राधान्य मिळते. प्रत्यक्ष प्रसार करणारी व्यक्ती सकाळी केव्हा उठत होती, कोठे राहत होती, तिचा खर्च कोण भागवीत होते आणि घरच्यांशी तिचा संपर्क किती होता, हे प्रश्न मात्र दुय्यम ठरतात. मॉर्मन पंथाच्या बाबतीत याच प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे असून २०१८ पासून चर्चने याच नावाच्या वापराचा आग्रह धरला आहे. प्रस्तुत लेखात 'मॉर्मन' हा शब्द केवळ रूढ ऐतिहासिक संज्ञा म्हणून योजला आहे. या पंथाच्या मिशनऱ्यांचा काटेकोर दिनक्रम आरंभापासून अस्तित्वात नव्हता. मिशनऱ्याचे वय जसजसे खाली आले, तसतसा त्याचा दिवस नियमांनी भरत गेला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

थैली आणि झोळीविना :
एकोणिसाव्या शतकातील मॉर्मन मिशनरी बहुधा प्रौढ व विवाहित असे. पत्नी, मुले व शेती मागे ठेवून तो निघे. १८३७ साली हिबर किंबॉल आणि त्यांचे सहकारी इंग्लंडमधील प्रेस्टन येथे पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ ना प्रशिक्षण होते, ना वेळापत्रक. बायबलमधील आदेशानुसार 'थैली आणि झोळी न घेता' प्रवास करावयाचा, हा त्या काळातील आदर्श होता. मराठी वाचकाच्या मनात झोळी ही भिक्षेची खूण आहे. येथे मात्र झोळी नसणे हीच परावलंबनाची खूण होती. मुक्काम कोठे पडेल, जेवण मिळेल किंवा नाही, हे यजमानाच्या मर्जीवर ठरे. साहजिकच दिवसाचा आकार परिस्थिती ठरवीत असे.

या टप्प्याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. ह्यू फिंडले हे स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईत दाखल झाले व पुढे पुण्यास गेले. पुणे लष्करातील युरोपीय सैनिकांमध्ये प्रचार करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीत मज्जाव केला. पुण्यात एक लहानशी शाखा स्थापन झाली, तरी ती टिकली नाही. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातील बहुतेक मॉर्मन मिशनरी परतले. फिंडले यांचा दिवस ठरविणारे घटक म्हणजे छावणीची हद्द, निवाऱ्याचा शोध आणि ऐकून घेणाऱ्यांची उपलब्धता. चर्चचे मुख्य केंद्र हजारो मैल दूर होते आणि पत्रास महिने लागत. अशा स्थितीत नियमावली असती तरी तिची अंमलबजावणी अशक्यच होती.

तरुणांचे आगमन :
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे चित्र पालटले. प्रौढांच्या जागी अविवाहित तरुण पाठविले जाऊ लागले. १८९८ साली आयनेझ नाइट व जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणी इंग्लंडला रवाना झाल्या आणि स्त्रियांनाही हे क्षेत्र खुले झाले.

या संक्रमणकाळाचा प्रातिनिधिक पुरुष म्हणून अल्मा टेलर याचा उल्लेख करता येईल. हिबर ग्रँट यांच्या नेतृत्वाखाली चार मिशनरी ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा बंदरात उतरले. त्यांपैकी टेलर जेमतेम १९ वर्षांचा होता. भाषा अपरिचित, लिपी अपरिचित आणि शिकविणारी कोणतीही संस्था पाठीशी नाही, अशा स्थितीत त्याने जपानी भाषेचा अभ्यास केला. पुढे 'मॉर्मनचा ग्रंथ' जपानीत आणण्याचे काम त्याच्याकडे आले आणि जपानी जाणकारांच्या साहाय्याने सिद्ध झालेला हा अनुवाद १९०९ साली प्रसिद्ध झाला. टेलर १९१० मध्ये मायदेशी परतला. विशीतील जवळजवळ सर्व वर्षे त्याने परदेशात घालविली होती. १९२४ साली जपानमधील मिशन बंद करण्यात आले, तेव्हा जवळपास पाव शतकातील धर्मांतरितांची संख्या दोनशेहूनही कमी होती. संख्येच्या निकषावर हे कार्य अपयशी ठरते. तथापि टेलरच्या आयुष्यावर या काळाचा झालेला संस्कार त्या संख्येत मोजता येत नाही.

घड्याळाचे राज्य :
तरुण, अननुभवी मिशनरी हजारोंच्या संख्येने परदेशी पाठवावयाचे, तर त्यांना घडविणारी व्यवस्था आवश्यक होती. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी 'मिशन होम' सुरू झाले. १९६१ साली प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मिशनऱ्यांसाठी भाषाशिक्षण सुरू झाले व १९७८ मध्ये तेथील केंद्रास 'मिशनरी ट्रेनिंग सेंटर' हे स्वरूप आले. १९६१ मध्येच जगभरच्या मिशनांसाठी एकच पाठमाला निश्चित करण्यात आली.

२००४ च्या मार्गदर्शक पुस्तकात दिलेला दिनक्रम या प्रक्रियेचा परिपाक होय. सकाळी ६.३० वाजता उठणे, प्रार्थना व व्यायाम, ८ वाजता वैयक्तिक अध्ययन, ९ वाजता सोबत्यासह अध्ययन, १० वाजता घराबाहेर पडणे, परभाषा शिकणाऱ्यास भाषेसाठी आणखी वेळ, रात्री ९ च्या सुमारास परतणे, उद्याचे नियोजन, रोजनिशी, १०.३० वाजता निद्रा. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व पत्रलेखन यांसाठी राखीव. सोबत्यास सोडून एकट्याने फिरावयाचे नाही आणि हा सोबती स्वतः निवडावयाचा नाही. प्रेमसंबंध, चित्रपट व दूरदर्शन वर्ज्य. घरी दूरध्वनी करण्याची मुभा अनेक वर्षे सर्वसाधारणपणे नाताळ व मातृदिन या दोनच प्रसंगी होती. विशीच्या आतबाहेरील या मुलास संबोधावयाचे ते 'एल्डर' म्हणजे 'वडीलधारा' असे. नावातले वडीलपण आणि नियमांतले बालपण यांचा हा संयोग लक्षणीय आहे.

हा मिशनरी पगारी सेवक नव्हे. पुरुषांसाठी दोन वर्षे व तरुणींसाठी दीड वर्ष या सेवेचा खर्च तो स्वतः, त्याचे कुटुंब किंवा स्थानिक मंडळी उचलतात. पूर्वी स्वस्त देशात गेलेल्यास कमी व महाग देशात गेलेल्यास अधिक भार पडे. १९९१ पासून अमेरिका व कॅनडातील मिशनऱ्यांसाठी समान मासिक रक्कम ठरविण्यात आली.

नियम आणि वास्तव :
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. नियमपुस्तिका दिवस कसा असावा हे सांगते; तो कसा होता हे रोजनिशी व पत्रे सांगतात. बंद होणारी दारे, परक्या भाषेतील अडखळणारे वाक्य, न पटणाऱ्या सोबत्याबरोबर काढलेले आठवडे आणि घरी कोणी आजारी असता जाणवणारी असहायता यांची नोंद वेळापत्रकात नसते. सेवा अपुरी सोडून परतणाऱ्यास समाजात सहन करावा लागणारा संकोच हाही या व्यवस्थेचाच भाग आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय युवकांसाठी १९ वरून १८ व युवतींसाठी २१ वरून १९ करण्यात आले. परिणामी २०१२ अखेरची सुमारे ५९ हजार ही मिशनऱ्यांची संख्या वर्षभरात ८३ हजारांवर गेली. लेखाच्या मूळ प्रतिपादनानुसार यानंतर नियम अधिक कडक व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात २०१७ मध्ये दिनक्रमात स्थानिक गरजेनुसार लवचीकता आणण्यात आली, साप्ताहिक अहवालातील प्रमुख निर्देशांक नऊवरून चारवर आले, तर फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास कुटुंबाशी बोलण्यास अनुमती मिळाली. हा अपवाद अर्थपूर्ण आहे. वय आणखी खाली येताच, केवळ शिस्तीने तरुण मन सांभाळता येत नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुली म्हणता येईल.

समारोप :
फिंडले यांचा दिवस परिस्थितीने, टेलरचा दिवस भाषेने आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मिशनऱ्याचा दिवस घड्याळाने घडविला. या प्रवासात प्रसाराचे उद्दिष्ट कायम राहिले. परंतु त्याच्या जोडीने दुसरे उद्दिष्ट पुढे आले, ते म्हणजे प्रसारकालाच घडविणे. दार उघडणारा माणूस धर्मांतर करो वा न करो, दार ठोठावणाऱ्या तरुणावर त्या दिवसाचा संस्कार होतच असतो. तरुणांना घडविणाऱ्या कोणत्याही संस्थेचा, अगदी महाविद्यालयाचाही, इतिहास लिहिताना तिची ध्येयधोरणे पाहावीत, तसेच तिने तरुणाचा दिवस कसा वाटून दिला आणि त्यातील किती वेळ त्याचा स्वतःचा राहू दिला, हेही तपासणे अगत्याचे आहे.