ब्लॉक दिसतोय ना, मग बसवा ना स्टेंट!

परवा एका मित्राच्या बाबांची अँजिओग्राफी झाली. रिपोर्ट: 40 टक्के ब्लॉक. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, स्टेंट नको. मित्र वैतागला. "दिसतोय ना ब्लॉक? मग बसवा ना स्टेंट!" मला उत्तर देता येईना. मग काय, अख्खा वीकेंड वाचनात गेला.

गोष्ट सुरू होते 1958 मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये. डॉ. मेसन सोन्स यांच्या पेशंटचं कॅथेटर चुकून थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेलं आणि सगळा डाय आत! हृदय काही क्षण थांबलं, खोकल्यावर परत सुरू झालं. या चुकीतून आजची अँजिओग्राफी आली.

पण तिच्यात दिसते ती फक्त रक्ताची वाट. भिंतीत काय शिजतंय ते नाही. 1987 मध्ये ग्लागॉव्ह यांनी दाखवलं, की चरबी साठताना धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते. थराने साधारण 40 टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही. 1988 मध्ये लिटल आणि सहकाऱ्यांनी अटॅक आलेल्या 29 जणांच्या जुन्या अँजिओग्राफी काढून बघितल्या. 19 जणांत नंतर बंद पडलेली धमनी आधी 50 टक्केही अरुंद नव्हती!

खरा व्हिलन म्हणजे 'व्हल्नरेबल प्लाक'. आत चरबीचा गाळ, वर 65 मायक्रॉनहून पातळ पापुद्रा. तो फाटला की रक्ताची गुठळी. मग धमनीच्या आतूनच बघायचं ठरलं. आधी आलं आयव्हस, म्हणजे कॅथेटरच्या टोकावर सोनोग्राफी. पण तिला 100 मायक्रॉनहून बारीक काही नीट दिसत नाही. 1991 मध्ये एमआयटीच्या फुजिमोटो यांच्या गटाने ओसीटी मांडलं. त्यात आवाजाऐवजी प्रकाश, त्यामुळे 10-20 मायक्रॉनपर्यंत स्पष्ट.

झालं काम? नाही ना! 2011 च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात 697 पेशंटच्या धमन्या आयव्हसने तपासल्या. पातळ पापुद्र्याचे वाटणारे जवळपास 600 प्लाक सापडले. तीनेक वर्षांत त्रास दिला फक्त 26 जागांनी. आपल्या कोडमध्ये टूल 600 वॉर्निंग देतं आणि क्रॅश होतात 26, तसंच. फरक एवढाच, की इथल्या पॅचमध्येही गुठळी होऊ शकते.

2024 मध्ये प्रिव्हेंट चाचणी आली. रक्त न अडवणाऱ्या पण धोकादायक दिसणाऱ्या प्लाकवर स्टेंट बसवले. 1606 पेशंट. 2 वर्षांत त्रास झाला स्टेंटवाल्यांत 0.4 टक्के, नुसत्या औषधांवर 3.4 टक्के. फरक मोठा आहे, पण त्यात पुन्हा ॲडमिट होणं, पुन्हा प्रोसिजर करणं हेही धरलंय. मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. आणि नुसत्या गोळ्यांवरचेही 100 पैकी 96 जण ठीकच होते.

मित्राला एवढंच सांगितलं: स्टेंट एका जागी बसतो, स्टॅटिनची गोळी सगळ्या धमन्यांत पोचते आणि पापुद्रा जाड करते. दिसणं वेगळं, फुटणार कोणता ते कळणं वेगळं.

काकांनी गोळ्या सुरू केल्यात. मी दोन वर्षं टाळलेली लिपिड टेस्ट सोमवारी करतोय. तुम्ही कधी केली होती?