म्हशीची सुई आणि कल्याणची गिधाडं

माझं लहानपण कल्याणला दूधनाक्याजवळ गेलं. म्हशींचे तबेले हाकेच्या अंतरावर. व्यायलेली म्हैस उठेनाशी झाली, की तबेल्यात सगळ्यांचे चेहरे उतरत. रेडकू मोठं असलं, तर बाहेर येताना त्याच्या दाबाने म्हशीच्या कमरेच्या हाडांतून जाणाऱ्या नसा चेपतात. मग मागचे पाय फाकतात, त्यांत जोर राहत नाही. खाली पेंढ्याची जाड गादी घालायची, दिवसातून अनेकदा कूस पालटायची आणि वाट पाहायची, एवढंच हातात असे.

नस नुसती दबली असेल, तर जनावर काही दिवसांत उठतं. आतला तंतू तुटला असेल, तर नवा तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिल्या. तुटल्या जागेपुढचा तंतू मोडून पडतो, हे त्यांनी दाखवलं. हा कचरा शरीरातल्या भक्षक पेशी उचलतात, तेव्हा नव्या तंतूला वाट मिळते. या पेशी सुजेबरोबरच येतात. म्हणजे सूज ही निव्वळ वैरीण नव्हे! सूज उतरवणारं औषध दुखणं हलकं करतं. तुटलेली नस ते जोडत नाही.

पण कण्हणाऱ्या म्हशीपुढे उभ्या असलेल्या मालकाला हे कोण सांगणार? १९९०च्या दशकात डायक्लोफेनॅक स्वस्त झालं आणि गुरांच्या डॉक्टरांच्या पेटीत आलं. लंगडणं, ताप, सुजलेली कास, सगळ्यांवर तीच सुई. मी कुणाला दोष देत नाही. जनावराला आराम पडे, हे खरंच होतं.

त्याच सुमारास राजस्थानात भरतपूरला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्याने कमी होताना दिसली. कारण कळलं २००४ मध्ये, लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांच्या पाकिस्तानातल्या अभ्यासातून. सुई दिल्यावर लगेच मेलेलं जनावर खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसे. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हाताशी होतं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरवर आणाव्या लागल्या. २०२३ मध्ये गुरांसाठीचं किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही बंद झालं.

आमच्या वेळी मेलेली म्हैस खाडीकडे नेली, की गिधाडं घिरट्या घालत उतरत आणि आम्ही पोरं लांबून ती मोजत असू. अलीकडे तिथे गेलो होतो. कावळे होते, दोन घारी होत्या.