वगाच्या चौकटीतून चळवळीकडे : जलशाची कुळकथा

सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींनी महाराष्ट्रात सभा, परिषदा, वृत्तपत्रे आणि सत्याग्रह ही साधने वापरली हे सर्वश्रुत आहे. परंतु या चळवळी ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या ती बहुसंख्य माणसे निरक्षर होती, आणि त्यांच्यापर्यंत विचार पोचवून त्या विचाराभोवती वस्त्या, आळ्या आणि चाळी एकत्र बांधण्याचे काम ज्या साधनाने केले, त्या जलशाला इतिहासग्रंथांत बहुधा तळटीपेपुरतीच जागा मिळाली आहे. जलसा म्हणजे गाणी, संवाद आणि छोटे नाट्य यांनी मिळून होणारा, चळवळीचा विचार मांडणारा रात्रीचा खेळ. तो कोणी नव्याने शोधून काढलेला प्रकार नव्हे. ज्या तमाशाने अस्पृश्य मानलेल्या जातींतील कलावंतांना पोट आणि कलंक एकाच वेळी दिला, त्याच तमाशाची चौकट उचलून तिच्यातील एकेक भाग रिकामा करीत आणि नव्या आशयाने भरीत जलसा घडला, आणि म्हणून त्याची कुळकथा ही मुख्यतः काय काढले गेले आणि त्या जागी काय आले याचीच कथा आहे.

तमाशाची चौकट आधी ध्यानात घ्यावी लागते. आरंभी गण, म्हणजे गणेशाचे नमन. त्यानंतर गौळण, म्हणजे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या यांचा खेळकर प्रसंग. मग लावण्या आणि सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी. आणि शेवटी वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य. उमाजी सावळजकरांचा 1865 मधील ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडे एवढ्या वाद्यांवर आणि शाहिराची ओळ उचलून तिचे शेपूट उंच स्वरात लांबविणाऱ्या झीलकऱ्यांवर हा सारा डोलारा उभा असे. त्याला रंगमंदिर लागत नसे, पडदा लागत नसे, छापील संहिताही लागत नसे. कलावंत प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी जातींचे असत, प्रेक्षक मात्र सर्व थरांतले. ज्यांची सावली दिवसा टाळली जाई त्यांच्याच गाण्याला रात्री दाद मिळे, आणि या विसंगतीचा पुढील इतिहासावर खोल परिणाम झाला.

या चौकटीचा चळवळीसाठी पहिला पद्धतशीर उपयोग सत्यशोधकांनी केला. जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला, अखंड रचले आणि 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. लोकांच्या मुखी असलेल्या रचनाप्रकारांत नवा विचार घालण्याची वाट त्यांनीच दाखविली होती. मात्र संपूर्ण खेळाच्या रूपातील जलसा फुल्यांच्या निधनानंतर, म्हणजे 1890 नंतर, बहराला आला, आणि त्याच्या आद्य प्रवर्तकांत भीमराव महामुनी यांचे नाव घेतले जाते. या मंडळींनी तमाशाची क्रमवारी मोडली नाही. गण राहिला, पण त्यातील गणपती हा गणांचा, म्हणजे लोकसमूहाचा, नायक ठरला. गौळणीतील शृंगार मागे सरला आणि तिच्या संवादांतून कर्मकांडावर प्रश्न उभे राहू लागले. वगात राजा आणि प्रधान यांच्या जागी भटजी, सावकार, कुलकर्णी आणि कर्जात रुतलेला शेतकरी आले. पुरोहिताशिवाय लग्न लावावे, मुलांना शाळेत घालावे, दस्तऐवजावर न वाचता अंगठा उठवू नये, अशा अगदी व्यवहारातल्या गोष्टी हसतखेळत सांगितल्या जात. 1911 मध्ये कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या पाठबळाने, सत्यशोधक समाजाचे काम नव्याने सुरू झाले, आणि पुढील दशकभरात सातारा-कोल्हापूरकडील गावोगाव हे जलसे फिरले. सातारा जिल्ह्यात 1920 च्या आसपास कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध आणि पुरोहितांविरुद्ध जो उठाव केला, त्यामागे जलशांनी तापविलेली हवा होती हे त्या काळच्या विरोधकांनीही ओळखले होते.

तरीही सत्यशोधकी जलशाला एक मर्यादा होती, आणि ती सौम्य शब्दांत झाकण्याचे कारण नाही. त्याच्या वगाचा नायक शेतकरी होता. गावकुसाबाहेर राहून मेलेले जनावर ओढणारा, वेसकरकी करणारा आणि बलुत्यासाठी दारोदार उभा राहणारा माणूस त्या नाट्यात येई तो बहुधा कडेला. त्याची पाटलाशी असलेली तक्रार मध्यभागी येणे अवघडच होते, कारण प्रेक्षकांत पाटील पुढे बसलेला असे.

ती तक्रार मध्यभागी आणली आंबेडकरी जलशाने. मार्च 1927 मधील महाडचा सत्याग्रह आणि 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह या दोन घटनांनी महाराष्ट्रातील अस्पृश्य वस्त्यांत जी जाग आली, तिने जलशाला नवे कलावंत आणि नवा श्रोता दिला. आंबेडकरांची वृत्तपत्रे ‘मूकनायक’ 1920 मध्ये, ‘बहिष्कृत भारत’ 1927 मध्ये आणि ‘जनता’ 1930 मध्ये निघाली होती, परंतु वृत्तपत्राला वाचणारा लागतो, आणि अनेक महारवाड्यांत अंक आला तरी तो वाचून दाखविणारा एखादाच असे. जलशाने ही अडचण ओलांडली. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचा जलसा या काळात सर्वांत गाजला. पुढे 1978 मध्ये त्यांनी आंबेडकरी जलशांचे स्वरूप आणि कार्य यांवर पुस्तकही लिहिले, आणि आज त्या रंगभूमीविषयी जे ठाऊक आहे त्यातील मोठा भाग या एका कलावंताने स्वतः लिहून ठेवल्यामुळेच उरला आहे. आपल्या दहा सभांइतके काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचा अभिप्राय डॉ. आंबेडकरांनी दिल्याचे चळवळीच्या आठवणींत वारंवार सांगितले जाते.

जलसाकार हे बहुतेक श्रमिकच होते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत काम करणारे तरुण पाळी सुटल्यावर बीडीडी चाळींच्या पटांगणांत तालमी करीत, आणि रजेवर गावी गेले की खेळ गावात पोचे. चाळीतले गाणे असे महारवाड्यात आणि महारवाड्यातला प्रसंग चाळीत जाई. गणात आता देवाऐवजी आंबेडकरांचे आणि चळवळीचे नमन होऊ लागले. वगात मृत जनावर ओढण्याचे काम नाकारणारा मुलगा आणि त्याला भिणारा बाप, महारकी वतनाला चिकटलेला म्हातारा आणि शाळेत शिकलेला नातू, सार्वजनिक पाणवठ्यावर अडविली गेलेली बाई, असे प्रसंग येत. यातील संघर्ष अनेकदा घरातलाच असे, आणि आंबेडकरी जलशाचे खरे वैशिष्ट्य येथेच शोधावे लागते: सत्यशोधकी वगात शत्रू समोरून येतो, तर येथे वस्तीने स्वतःशीच वाद घातलेला दिसतो. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाल्यावर आणि 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाल्यावर हा वाद धर्म आणि मतदान या विषयांपर्यंत गेला. देव सोडायचे म्हणजे नेमके काय सोडायचे, हा प्रश्न परिषदेच्या ठरावात एका ओळीत मावतो. परंतु खंडोबा, मरीआई आणि जत्रा यांत गुंतलेल्या कुटुंबाला तो पचविण्यासाठी पात्रांच्या तोंडून रात्रभर वाद ऐकण्याची गरज होती.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा इतिहास गुंतागुंतीचा आहे. प्रसिद्ध तमासगीर पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण. त्यांच्या फडातील पवळा ही महार समाजातील कलावती. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून महाडच्या कार्यासाठी देऊ केलेली मदत, आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, या कारणाने डॉ. आंबेडकरांनी नाकारली अशी हकीकत सांगितली जाते. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि मुरळी यांच्यापुढे बोलताना त्यांनी तो जीवनमार्ग सोडण्याचे आवाहन केले. या भूमिकेला धरून जलशातून नाची आणि शृंगारिक लावणी हद्दपार झाली आणि स्त्री-पात्रेही पुरुषच करू लागले. जातीने लादलेल्या अप्रतिष्ठेतून बाहेर पडण्यासाठी हे पाऊल अपरिहार्य होते. पण त्याची किंमतही होती, कारण ज्या स्त्रियांकडे पिढ्यांची गायकी आणि रंगमंचाचा सराव होता त्यांना नव्या रंगमंचावर जागा उरली नाही. सर्वांना सामावून घेणारी जागा उभी करताना ही एक फट राहून गेली, असे म्हणणे भाग आहे.

ती फट स्त्रियांनी जात्यावर बसून भरून काढली. पहाटे दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओवीत विठोबा आणि भाऊराया यांच्या जागी ‘भीमराया’ आला. बाबासाहेबांचे शिक्षण, रमाबाईंचे कष्ट, नागपूरची दीक्षा हे विषय आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत आंबेडकरांवरील ओव्यांचा मोठा साठा आहे. या रचनांना व्यासपीठ नव्हते, ढोलकी नव्हती, गायिकेचे नावही बहुधा कोठे छापले जात नव्हते; तरीही आईकडून मुलीकडे आणि माहेरहून सासरी जाणाऱ्या या गाण्याने चळवळ जितकी घरात नेली, तितकी जलशालाही नेता आली नसावी.

आंबेडकरी जलशाच्या काळातच कम्युनिस्ट चळवळीतही तमाशाची चौकट नव्याने घडत होती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने 1940 च्या दशकात गिरणगावात वगाला कामगारांच्या संपाचा आशय दिला, आणि स्वातंत्र्यानंतर तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा ‘लोकनाट्य’ या नावाने तो खेळ पुढे चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच कलावंतांचा आवाज सर्वांत दूर पोचला.

14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर आंबेडकरी जलसा ओसरला. वग गळला आणि गाणे तेवढे उरले. पेटी, ढोलक, बुलबुलतरंग आणि कोरस घेऊन ‘गायन पार्ट्या’ उभ्या राहिल्या, कव्वालीतील दोन गटांच्या सामन्याचा प्रकार त्यांनी उचलला आणि चित्रपटांच्या चालीही मोकळेपणाने घेतल्या. चाल उसनी घेण्याला कमअस्सल मानणाऱ्या समीक्षेने येथे चूक केली आहे: ओळखीची चाल हेच एका रात्रीत संपूर्ण वस्तीला कोरस करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन होते. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 1922 मध्ये जन्मलेले, मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरओळख झालेले वामनदादा 1943 मध्ये लिहू लागले आणि 2004 मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिले. त्यांची गाणी 14 एप्रिलच्या जयंतीला आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तिकांतून, पुढे कॅसेटांतून पसरली; मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 पासून 1994 पर्यंत चाललेल्या लढ्यात भीमगीत हेच मोर्चाचे आणि शोकसभेचेही गाणे होते.

‘जलसा’ हे नाव पुन्हा वर आले ते एका आघातानंतर. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी डाव्या चळवळीतील दलित शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या घटनांपासूनच सुरू होतो. घोगरे यांच्या पिढीतील संभाजी भगत यांनी आपल्या खेळाला ‘विद्रोही शाहिरी जलसा’ असे नाव दिले, आणि 2002 मध्ये, गुजरातमधील दंगलींच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. या मंचातून पुढे आलेल्या शीतल साठे झिलीला उभ्या राहत नाहीत, त्या मुख्य शाहीर म्हणून गातात. आणि औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर एकट्या गाऊन भीमगीताच्या सभा भरवितात. ज्या मंचावर 1930 च्या दशकात बाईचे सोंगही पुरुषच घेत असे, तेथे आता आईचे, विधवेचे आणि मजुरणीचे म्हणणे प्रथमपुरुषी येते, आणि जात्यावर राहिलेला तो सारा आशय शाहिरीच्या मुख्य रचनेत उतरू लागला आहे.